पोटातला दाब आणि अतिलठ्ठ रुग्ण

पोटाच्या पोकळीलाही स्वतःचा दाब असतो. वर श्वासपटल, मागे कणा, खाली कटीची हाडे आणि पुढे स्नायूंची भिंत अशी ही बंद जागा. आतडी सुजली, रक्त किंवा पाणी साचले, की पुढची भिंत काही काळ ताणली जाते आणि दाब फारसा चढत नाही. ताणण्याची सोय संपली की थोड्याशा भरीनेही तो झपाट्याने वाढतो. अतिदक्षता विभागातल्या प्रौढ रुग्णात हा दाब साधारण ५ ते ७ मिमी पारा असतो. तो १२ किंवा त्याहून वर टिकून राहिला तर वाढलेला मानतात. २०च्या पुढे टिकला आणि त्यासोबत एखादा अवयव नव्याने निकामी होऊ लागला तर ती जिवावरची अवस्था ठरते. डॉक्टर तिला ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

अतिलठ्ठ रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्याच्या पोटातला नेहमीचा दाबच ९ ते १४ मिमीच्या घरात असतो. म्हणजे चालत-बोलत दवाखान्यात आलेला माणूसही कागदावर ‘वाढलेला दाब’ घेऊन आलेला असू शकतो. व्हर्जिनियातले शल्यचिकित्सक हार्वे शुगरमन यांनी १९९७ मध्ये अशा रुग्णांचा मूत्राशयातला दाब मोजला, तेव्हा तो सरासरी १८ सेंमी पाणी, म्हणजे सुमारे १३ मिमी पारा भरला. लठ्ठ नसलेल्यांत तो ७ सेंमी होता. रुग्णाला उताणे झोपवून पाठीपासून पोटाच्या माथ्यापर्यंत जी उंची भरते, तिच्याशी या दाबाचे नाते त्यांना दिसले.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली हे इथे महत्त्वाचे, आणि नुसत्या बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावरून, ते कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांपैकी लठ्ठ कुणीच नव्हते. तरीही आपल्याकडच्या सुटलेल्या पोटाचा हिशेब वजनकाट्यावर का लागत नाही, हे त्यातून समजते.

दाब थेट पोटात सुई घालून मोजत नाहीत, मूत्राशयातून मोजतात. मूत्राशयाची भिंत मऊ असल्याने पोटातला दाब आतल्या पाण्यात जवळपास तसाच उतरतो. अमेरिकेतले आयर्विंग क्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ही रीत मांडली. लघवीची नळी बहुतेक अत्यवस्थ रुग्णांना घातलेलीच असते. मूत्राशय रिकामे करून त्यात जास्तीत जास्त २५ मिली निर्जंतुक सलाईन सोडायचे, अर्धा-एक मिनिट थांबायचे आणि श्वास पूर्ण बाहेर पडल्याच्या क्षणी आकडा वाचायचा. मॉनिटर नसला तर नळीला जोडलेला पारदर्शक सलाईन सेट उभा धरून पाण्याची उंची सेंटिमीटरपट्टीने मोजतात आणि तिला १.३६ने भागतात. पोटावर हलके दाबल्यावर पाणी वर चढून खाली आले तर नळी मोकळी आहे असे समजावे.

चुका होतात त्या इथेच. शून्याची रेषा काखेच्या मध्यातून खाली आणून कमरेच्या हाडाच्या पातळीवर धरायची असते. जाड थराखाली ते हाड हाताला लागत नाही आणि रेषा अंदाजाने ठरते. रेषा १० सेंमी खाली धरली गेली तर आकडा ७ मिमीने फुगतो, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या साधारण रुग्णाच्या अख्ख्या दाबाएवढी भर फुकटात पडते. म्हणून पहिल्याच वेळी कातडीवर मार्करने खूण करावी. दुसरी अडचण झोपण्याची. मोजणी उताणे, सपाट झोपवून व्हायला हवी, पण अशा रुग्णाला तसे झोपवले की दम लागतो. उशाकडची बाजू उचलली की दाब वाढलेला दिसतो. ३० अंशांवर तो सहज ४ मिमीने चढतो. सपाट झोपवणे जमतच नसेल तर प्रत्येक वेळी कोन तोच ठेवावा आणि नोंदीत लिहावा. खोकला, कुंथणे, दुखण्याने आवळलेले पोट यांनीही आकडा बिघडतो.

म्हणून अतिलठ्ठ रुग्णात एका आकड्यावर निर्णय घेणे धोक्याचे. १४ हा त्याचा रोजचा दाब असू शकतो, किंवा ९ वरून चढत आलेला असू शकतो. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधीच एक मोजणी करून ठेवली तर ही शंका राहत नाही. सरासरी रक्तदाबातून पोटाचा दाब वजा केला की अवयवांना मिळणारा रेटा कळतो आणि तो ६०च्या वर हवा. रक्तदाब ७५ आणि पोटात १३ असेल तर ६२ उरतात. पोटातला दाब २२ झाला की ५३च. पहिली तक्रार बहुधा मूत्रपिंडाची, लघवी कमी होते. मग श्वासपटल वर ढकलले जाऊन व्हेंटिलेटरला जास्त जोर लावावा लागतो.

उपचारही पायरीपायरीने होतात. नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे, एनिमा, साचलेले पाणी काढणे, वेदनाशामके, शिरेतून जाणाऱ्या द्रवांना आवर. एवढ्याने भागले नाही तर पोट उघडून काही दिवस उघडेच ठेवतात. जाड भिंत पुन्हा शिवणे हे मग वेगळेच कठीण काम होऊन बसते.

ही मोजणी मोठ्या रुग्णालयाबाहेरही उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यातले मोडनिंब गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. अपघातात पोटाला मार लागलेला किंवा स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा रुग्ण इथून मोठ्या उपचारांसाठी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाकडे न्यावा लागतो. लघवीची नळी, सलाईन आणि पट्टी एवढ्या सामानात पहिली मोजणी निघण्याआधीच होऊ शकते. रुग्ण अतिलठ्ठ असेल तर सोबतच्या चिठ्ठीवर आकडा, वेळ, उशाचा कोन आणि तासाला झालेली लघवी असावी. सोलापुरात दुसरी मोजणी झाली की तिची तुलना याच आकड्याशी करायची असते.