कमी आवाजात पुरेसे संगीत : ज्येष्ठांनी हेडफोन कसा निवडावा?

निवृत्तीनंतरच्या दिवसांत संगीताची सोबत मोठी असते. नोकरी, प्रवास आणि मुलांची शिक्षणे यांच्या धावपळीत जे राग अर्धवट ऐकले, जी नाट्यपदे नुसती कानांवरून गेली, ती आता निवांत ऐकावीत अशी अनेकांची इच्छा असते. मोबाइलवर ती सारी उपलब्धही आहेत. अडचण निराळीच असते. वयोमानाप्रमाणे आपल्याला आवाज थोडा मोठा लागतो आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत नातवंडांचा अभ्यास किंवा सूनबाईंची ऑफिसची मीटिंग चालू असते. ‘जरा हळू करा ना’ हे वाक्य चार वेळा ऐकले की पाचव्या वेळी आपण स्वतःहूनच गाणे बंद करतो. भांडण कोणाचेच झालेले नसते, पण घरातील एक आनंद मुकाट्याने संपलेला असतो.

यावर हेडफोन हा चांगला उपाय आहे. मात्र मुलांनी हौसेने आणून दिलेला महागडा हेडफोन पंधरा दिवसांत कपाटात जातो, हाही अनेक घरांतील अनुभव आहे. कधी तो डोके आवळतो, कधी कान तापतात, तर कधी त्याची बटणे हाताला सापडत नाहीत. खरेदीच्या वेळी किंमत आणि कंपनीचे नाव पाहिले जाते; ज्या डोक्यावर तो बसायचा त्या डोक्याचा विचार राहून जातो. म्हणून एक कसोटी मनाशी पक्की करावी. ज्या हेडफोनमध्ये कमीत कमी आवाजात आपले समाधान होते आणि तासाभरानंतर जो डोक्यावर आहे याचाच विसर पडतो, तो आपल्यासाठी उत्तम. पुढील सर्व सूचना या एका कसोटीतूनच निघतात.

आधी कान, मग हेडफोन

वाढत्या वयात ऐकू कमी येते, ते सर्व स्वरांच्या बाबतीत सारखे नसते. प्रथम उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण ध्वनी क्षीण होतात. म्हणूनच ‘बोललेले ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात; स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच बारीक ध्वनींवर अवलंबून असते. संगीतात तानपुऱ्याची जवारी, सतारीच्या तरफांची झणकार आणि टाळांची किणकिण यांना हीच झळ पोहोचते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण तोच आवाज थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. ‘काय ओरडता, बहिरा नाही मी!’ या उद्गारामागे हट्ट नसतो, कानाची बदललेली प्रकृती असते.

यासाठी हेडफोन घेण्यापूर्वी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत आणि श्रवणचाचणी करवून घ्यावी. कित्येकदा कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. तो घरी काडी, पिन किंवा कापसाचे बोळे घालून काढू नये. तो आणखी आत ढकलला जातो. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, एक-दोन दिवसांतच ऐकू येणे कमी झाले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हेडफोन हा श्रवणयंत्राला पर्याय नाही, हेही ध्यानात असू द्यावे. महिन्यागणिक आवाज वाढवावा लागत असेल, तर ती हेडफोनची उणीव नसून कानाने दिलेली सूचना आहे.

आवाजाचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पुढे दर ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० पर्यंत पोहोचल्यास आठवड्याला अवघे ४ तास. अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनी ग्रहण करतात, त्या माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून ज्यांचे ऐकणे आधीच कमी झाले आहे, त्यांनी उरलेल्या पेशी अधिकच जपायला हव्यात.

घरी डेसिबल मोजत बसण्याची आवश्यकता नाही. मोबाइलचा आवाज शक्यतो कमालमर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. दर तासाला दहा मिनिटे कानांना विश्रांती द्यावी. हेडफोन काढल्यावर कानात गुंजारव होत असेल किंवा काही वेळ सर्व आवाज दबल्यासारखे वाटत असतील, तर ऐकलेला आवाज मोठा होता, असे समजावे.

कानात, कानावर की कानाभोवती?

हेडफोनचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला कानाच्या छिद्रात बसवायचा इअरफोन. तो लहान आणि स्वस्त असतो, परंतु ज्येष्ठांसाठी सर्वात गैरसोयीचा. मळ आत ढकलला जातो, थरथरत्या बोटांना तो नीट बसवता येत नाही, आणि दमट हवेत कानात ओलावा साचून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष सावध असावे. त्यांच्या बाबतीत कानातील लहानशी जखमही गंभीर संसर्गाचे रूप घेऊ शकते, म्हणून कानदुखी वा स्राव अंगावर काढू नये.

दुसरा प्रकार कानाच्या पाळीवर टेकणारा. तो हलका असतो, पण त्याचा दाब कानाच्या कूर्चेवर पडतो. चष्मा असल्यास काडी आणि हेडफोन यांच्यामध्ये कान चेपला जातो आणि अर्ध्या तासात ठणकू लागतो.

तिसरा प्रकार कानाला पूर्ण वेढणारा. त्याची गादी कानाभोवतीच्या हाडावर टेकते आणि पाळी आत मोकळी राहते. घरी बसून तास-दोन तास ऐकण्यासाठी बहुतेक ज्येष्ठांना हाच मानवतो.

दुकानात तो घालून पाहताना आपला नेहमीचा चष्मा लावूनच पाहावा, आणि दोन मिनिटांत न काढता किमान पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. वजन २५० ग्रॅमच्या आसपास असले तर बरे. साडेतीनशे ग्रॅमच्या पुढचा हेडफोन हातात जड वाटत नाही, पण मानेचा स्पॉन्डिलायटिस असणाऱ्यांना तासाभरात जाणवतो. पकड फार घट्ट नको. तशीच फार सैलही नको. गादी आणि गाल यांच्यात फट राहिली की डग्ग्याचा घुमार निसटतो, आवाज पोकळ वाटतो आणि आपण नकळत तो वाढवतो. चष्म्याच्या जाड काडीमुळेही अशी फट पडते. ऐकताना बारीक काडीचा चष्मा वापरल्यास फरक जाणवतो.

गादीचे आवरण कशाचे आहे, तेही पाहावे. कृत्रिम चामडे घामाने चिकटते आणि कोकण-मुंबईसारख्या दमट हवेत काही काळाने त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मखमली किंवा सुती आवरण थंड राहते. गाद्या बदलून मिळतात का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. तशी सोय असेल तर हेडफोन अनेक वर्षे टिकतो.

बंद की उघडा?

कानाला वेढणाऱ्या हेडफोनमध्येही दोन जाती आहेत. एकाची बाहेरची बाजू पूर्ण बंद असते, तर दुसऱ्याच्या पाठीला जाळी असते. जाळीच्या, म्हणजे उघड्या प्रकाराची सुरुवात जर्मनीतील झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये केली. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचे तिचे ते हलके मॉडेल पुढे प्रसिद्ध झाले. उघड्या हेडफोनमध्ये कान तापत नाहीत आणि गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता समोर बैठक चालू असल्यासारखे वाटते. शिवाय दाराची घंटा, कुकरची शिट्टी, कोणी मारलेली हाक कानांवर येते. दिवसा घरात एकट्या असणाऱ्या व्यक्तीसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

मात्र त्यातून आवाज बाहेरही येतो आणि बाहेरचा आतही. घर रहदारीच्या रस्त्यावर असेल किंवा पंखा घरघरत असेल, तर त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवला जातो. अशा घरी बंद प्रकारच कानांच्या हिताचा ठरतो. बाहेरचा गोंगाट विजेच्या साहाय्याने कमी करणारे हेडफोनही मिळतात. पंखा, वाहने यांसारखे संथ, सलग आवाज ते चांगले दाबतात, त्यामुळे कमी आवाजात गाणे स्पष्ट ऐकू येते. काहींना त्यामुळे कानात दडा बसल्यासारखे वाटते, म्हणून घेण्यापूर्वी अनुभव घ्यावा. आणि घरी एकटे असताना ती सोय बंद ठेवावी.

वायर की ब्लूटूथ?

वायरच्या हेडफोनला चार्जिंग नको, जोडणीची कटकट नको, आणि त्याच किमतीत ध्वनी बहुधा सरस मिळतो. पण जमिनीवरून जाणारी तीन मीटरची वायर म्हणजे घरात अडखळून पडण्याचे कारण. ज्येष्ठांच्या बाबतीत एक पडणे किती महागात जाते, हे सांगायला नको. वायर घ्यायचीच तर आखूड घ्यावी आणि मोबाइल खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवावा. नव्या मोबाइलना गोल पिनेची जागा नसते; त्यासाठी निराळी जोडपिन लागते. खोक्यावर ‘ओहम’चा आकडा पाहावा. १६ ते ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन मोबाइलवर चांगले वाजतात. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला सहसा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

ब्लूटूथचा हेडफोन घेतल्यास आवाज कमी-जास्त करण्यासाठी बोटांना जाणवणारे ठळक बटण किंवा चक्री असावी. नुसत्या स्पर्शाने चालणारी गुळगुळीत पाटी ज्येष्ठांना त्रासदायक ठरते. उजवी-डावी बाजू ओळखण्यासाठी उजव्या बाजूला एक टिकली चिकटवून ठेवावी. टीव्हीसाठी स्टँडवर ठेवताच चार्ज होणारे बिनवायरचे हेडफोन मिळतात. ज्यांना चार्जिंगची पिन लावणे अवघड जाते, त्यांना ते सोयीचे.

सूर कसा पारखावा?

खोक्यावर ‘२० ते ४०,००० हर्ट्झ’ असे मोठे आकडे छापलेले असतात. तरुण, निरोगी कानाची मर्यादाच सुमारे २०,००० हर्ट्झ आहे आणि वयाबरोबर ती बरीच खाली येते. तेव्हा त्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. पारख आपल्या ओळखीच्या गाण्यानेच करावी. भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांची एखादी पाठ झालेली विलंबित चीज लावावी, आवाज कमी ठेवावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. गायकाच्या मागे तानपुरा वेगळा ऐकू येतो का? डग्गा घुमतो, पण गळ्यावर स्वार होत नाही ना? ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत नाहीत ना? तिन्ही उत्तरे मनासारखी आली, तर खोक्यावर आणखी काही वाचण्याचे कारण नाही.

जुनी ध्वनिमुद्रणे आवडणाऱ्यांसाठी एक सूचना. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमध्ये खरखर अटळ असते. बारीक ध्वनी ठळक करणारा झगझगीत हेडफोन ती खरखरच मोठी करतो. अशा श्रोत्यांनी मधला, मानवी गळ्याचा पट्टा भरदार असणारा सौम्य हेडफोन घ्यावा.

एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर स्टिरिओ मुद्रणात एका बाजूची वाद्ये हरवतात. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये सुलभता, म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘मोनो ऑडिओ’ चालू केल्यास दोन्ही बाजूंना संपूर्ण गाणे मिळते. तेथेच डाव्या-उजव्या कानाचा समतोलही साधता येतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या काळातील मोनो मुद्रणांना ही अडचण येत नाही.

श्रवणयंत्र आणि पेसमेकर

श्रवणयंत्रावर हेडफोन घातल्यास कधी कधी शिट्टीसारखा आवाज येतो. खोल आणि रुंद वाट्यांचा हेडफोन, थोडा अंतर राखून बसेल असा, वापरून पाहावा. पुष्कळ नव्या श्रवणयंत्रांत मोबाइलवरील गाणे थेट घेण्याची आणि संगीतासाठी वेगळी रचना ठेवण्याची सोय असते. आपल्या ऑडिओलॉजिस्टना त्याविषयी विचारावे, वेगळ्या हेडफोनची गरजच उरणार नाही.

हेडफोनमध्ये चुंबक असते. पेसमेकर बसवलेल्यांनी हेडफोन कानांवर जरूर वापरावा. पण गळ्यात अडकवून छातीवर रुळू देऊ नये, शर्टाच्या खिशात ठेवू नये, आणि यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर दूर राहील याची काळजी घ्यावी. कॉक्लिअर इम्प्लांट असल्यास वा मेंदूतील पाण्यासाठी नळी बसवली असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

हेडफोन आणून हाती दिला की आपले काम संपत नाही. पहिला आठवडा रोज दहा मिनिटे शेजारी बसावे, त्यांच्या आवडीची दहा-बारा गाणी एका जागी लावून द्यावीत आणि कमाल आवाजाची मर्यादा मोबाइलमध्ये ठरवून द्यावी. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये, व्यक्ती दचकते, समोरून यावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर झोपताना हेडफोन टोचतो. त्याच्यासाठी उशीजवळचा लहान स्पीकर बरा. विस्मरणाच्या आजारात डोक्यावरचा हेडफोन भीतिदायक वाटू शकतो. तेथे आग्रह न धरता स्पीकरवर हळू आवाजात सुरुवात करावी. गाद्या आठवड्यातून एकदा किंचित ओलसर कापडाने पुसाव्यात आणि एकाचा हेडफोन दुसऱ्याने वापरणे टाळावे.

आणि एक विनंती. घरात शांतता हवी म्हणून आई-वडिलांना दिवसभर हेडफोनमध्ये बसवून ठेवू नये. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालातही श्रवणदोष आणि एकलेपणा या दोहोंची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे. दुपारचा एक तास त्यांचा आणि त्यांच्या रागाचा असावा. संध्याकाळी तेच गाणे स्पीकरवर, सर्वांना चालेल अशा आवाजात लावावे आणि ‘आज काय ऐकलेत?’ असे विचारावे. उत्तर बहुधा लांबलचक मिळेल. ते ऐकून घ्यावे.