वसईच्या डासांनी तयार केलेलं 'कवच'

श्रीलंकेला किंवा बालीला निघालेल्या कुणालाही वसईतल्या एव्हरशाईन सिटीत विचारून बघा, "डासांचं मलम घेतलंस का?" उत्तर ठरलेलं असतं. "अरे, आपण वसईवाले. आपल्याला चावून इथले डास दमले, तिथले काय करणार?" त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "ते मलमबिलम गोऱ्या लोकांसाठी. आपल्याला सवय आहे." मे महिन्याच्या आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की हे लिफ्टमध्ये, रिक्षाच्या रांगेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर इतक्यांदा कानावर येतं की पूर्वी हसू यायचं, आता चीड येते. बोलणारी माणसं अडाणी असती तर गोष्ट वेगळी. ही माणसं प्रवासाचा विमा काढतात, पासपोर्टच्या झेरॉक्स दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवतात, खाकरे आणि मेतकूट विसरत नाहीत. फक्त डासाचा विषय निघाला की छाती पुढे काढतात.

या समजुतीत खरा भाग किती, ते आधी पाहू. वर्षानुवर्षं डास चावत राहिले की त्यांच्या लाळेची शरीराला सवय होते. गांधी मोठी उठत नाही, खाज कमी होते. युरोपातून आलेल्या पाहुण्याचे पाय एका संध्याकाळीत लालभडक होतात आणि आपल्याला चावल्याचं कळतही नाही, ते यामुळेच. पण ही सवय लाळेची आहे. लाळेबरोबर जो विषाणू आत जातो त्याला तुमच्या त्वचेच्या अनुभवाशी काही देणंघेणं नाही. उलट, चावल्याचं कळलंच नाही तर आपण हात झटकत नाही आणि डास निवांत पोट भरतो.

"बरं, पण डेंग्यू एकदा होऊन गेला की परत होत नाही ना?" हा पुढचा प्रश्न. होतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून जवळजवळ आयुष्यभराचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मिळतं ते थोड्या महिन्यांचं. ते ओसरलं आणि दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर आजार गंभीर होण्याची शक्यता पहिल्या खेपेपेक्षा जास्त असते. 1960च्या दशकात बँकॉकमध्ये काम करणाऱ्या स्कॉट हॉल्स्टेड या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, आणि पुढे अनेक वर्षं त्यावर वाद झाले. पहिल्या लागणीतून उरलेली प्रतिपिंडं नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून वॉचमनने नोंद न करता चोराला वर सोडावं, तसा तो विषाणू पेशीत शिरतो आणि वाढतो. निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात हजारो मुलांच्या रक्ताचे नमुने बारा वर्षं तपासून झालेला अभ्यास 2017 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रतिपिंडं भरपूर असतील तर ती वाचवतात, पण मधल्या एका पातळीवर असतील तर गंभीर आजाराचा धोका वाढवतात, असं त्यात दिसलं.

आता हे वसईला लावून बघा. 2017-18 मध्ये देशातल्या 15 राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासून एक सर्वेक्षण झालं. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ते 2019 साली छापून आलं. पश्चिम भारतात जवळजवळ 62 टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. यातल्या बहुतेकांना आपल्याला डेंग्यू झाला होता याचा पत्ताही नसणार, कारण जगभरचा अंदाज असा की चारातल्या तीन लागणी कळण्याइतका त्रासच देत नाहीत. तेव्हा "मला कधी डेंग्यू झाला नाही" हे वाक्य रक्त तपासल्याशिवाय कुणी छातीठोकपणे म्हणू नये. टँकरच्या पाण्याची पिंपं, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या आणि गॅलरीतली मनी प्लँटची बाटली यांच्या सोबतीने वाढलेल्या वसईकराची पहिली खेप बहुधा उरकलेली आहे. म्हणजे तो ज्याला कवच समजतो, तीच त्याची जोखीम असू शकते. दुसरी लागण झालेला प्रत्येक जण गंभीर आजारी पडतो असं मुळीच नाही. बहुतेक जण बरे होतात. पण "आपल्याला काही होत नाही" हे म्हणण्याचा हक्क ज्यांना सर्वांत कमी, तेच ते सर्वांत जोरात म्हणतात.

अजून शंका असेल तर फिलिपिन्सकडे पाहा. 2016 साली तिथे शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली आणि आठ लाखांवर मुलांना ती दिली गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये लस बनवणाऱ्या सनोफी कंपनीनेच जाहीर केलं की, ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांना लसीनंतर लागण झाली तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. त्या मुलांच्या शरीरासाठी लस हीच पहिली खेप ठरली होती. कार्यक्रम थांबवावा लागला.

आणि श्रीलंका? डासांची सवय हेच कवच असतं तर ते सर्वांत आधी श्रीलंकेच्या लोकांना मिळालं असतं. तिथे डेंग्यू अनेक दशकं आहे, डासांची पैदास होऊ देणाऱ्या घरमालकाला दंड करणारा कायदा 2007 पासून आहे. तरीही 2017 साली त्या देशात सुमारे 1 लाख 86 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले आणि 400हून अधिक माणसं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा जे कारण दिलं ते आपल्या कामाचं आहे: 2009 पासून तिथे कमी आढळणारा डेंग्यूचा दोन क्रमांकाचा प्रकार पुन्हा जोरात पसरला. डास तेच, माणसं तीच, विषाणूचा प्रकार बदलला. तिथल्या माणसाची ही गत, तर आठवड्याच्या सहलीला गेलेल्या वसईकराने कसल्या जोरावर बोलावं?

तिथे डेंग्यू वर्षातून दोनदा उसळतो, साधारण मे ते जुलै आणि नोव्हेंबर ते जानेवारी. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या त्याच काळात येतात. रुग्ण बहुतेक वर्षांत कोलंबो आणि गंपहा या जिल्ह्यांत जास्त असतात, आणि कटुनायकेचा विमानतळ गंपहातच आहे. म्हणजे जंगल सफारीला मलम लावायचं आणि कोलंबोच्या बाजारात नाही, हा हिशेब उलटा झाला.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. रात्री हॉटेलात कॉइल लावून झोपलात तर झोप छान लागेल. डेंग्यूचा डास त्याआधीच येऊन गेलेला असेल. दिवसा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. मलम घेताना वेष्टनावर डीट किंवा पिकारिडिन किती टक्के आहे ते वाचा. डीट 20 टक्क्यांच्या पुढे असेल तर काही तास टिकतं. आधी सनस्क्रीन, वर मलम, आणि घाम आला की पुन्हा मलम. कडुलिंबाचं तेल, कापराची वडी, मनगटावरचा सुगंधी पट्टा यांवर मुलाबाळांना घेऊन विसंबू नका.

दुसरा गैरसमज जास्त जीवघेणा आहे: "ताप उतरला, आता काही नाही." डेंग्यूत खरी काळजी ताप उतरताना सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर विमान, हॉटेलचे पैसे, उद्याची सिगिरियाची सहल, सगळं बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि आयब्युप्रोफेन मिसळलेल्या गोळ्या नकोत; त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. घरच्या औषधांच्या डब्यातली 'अंगदुखीची गोळी' बॅगेत टाकण्याआधी तिच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचा.

मग प्लेटलेट्स. आकडा खाली गेला की आपल्याकडे पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचं दूध शोधायला माणसं धावतात. पपईच्या रसाने आकडा थोडा वर आल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलं. त्याने जीव वाचल्याचा पुरावा नाही. रुग्ण बिघडतोय का हे डॉक्टर रक्ताच्या दाटपणावरून, नाडी आणि रक्तदाबावरून ठरवतात. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांवरचा अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट्स चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. तेव्हा डॉक्टर "थांबू या" म्हणाले तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

उरलेल्या समजुतींना इतकी जागा देण्याचं कारण नाही.

श्रीलंकेला जाताना मलेरियाची गोळी लागते? नाही. सप्टेंबर 2016 मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. तिथल्या आरोग्य खात्याला काळजी आपल्याकडून मलेरिया येण्याची आहे.

परदेश म्हटला की यलो फीवरची लस हवीच? थेट भारतातून श्रीलंका, मालदीव, मॉरिशस किंवा बालीला जाणाऱ्याला नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या त्या रोगाच्या देशांतून जाणं-येणं असेल तर हवी, आणि एकदा घेतली की आता ती आयुष्यभर चालते.

देवळातली माकडं चावत नाहीत, ही श्रद्धा श्रीलंकेतल्या दंबुल्ल्याच्या आणि बालीतल्या उबुदच्या माकडांना माहीत नाही. बालीत 2008 पासून रेबीज आहे, श्रीलंकेतही आहे. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. मुंबईला परतल्यावर बघू, असं करू नका.

"अर्नाळ्याला पोहलोय, समुद्र काय नवीन?" मे महिन्यात श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा खवळलेला असतो. आत ओढणाऱ्या प्रवाहाशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं. लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरायचंच नाही.

"जुलै 2018 मध्ये वसईत आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून गेलो, काही झालं नाही." तुमचं नशीब. श्रीलंकेत 2008 साली अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे सात हजारांवर संशयित रुग्ण झाले होते. पायावर जखम असेल तर भातखाचरात आणि साचलेल्या पाण्यात फोटोसाठी उतरू नका.

बर्फाने जंतू मरत नाहीत आणि त्यावर ओतलेल्या दारूनेही मरत नाहीत. बालीत स्वस्त मिळणारा घरगुती अरक तर हातही लावू नये असा. त्यातल्या मिथेनॉलने पर्यटकांचे जीव गेले आहेत. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही, हेही खोटं. आणि भाड्याच्या स्कूटरवर बसण्याआधी विमा कंपनीची अट वाचा. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघाताचा खर्च बहुधा तुमच्याच खिशातून जातो.

घरी परतल्यावरचं एक काम मात्र कुणीच करत नाही. डेंग्यूची लक्षणं डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी दिसतात. म्हणजे सहलीचा ताप अनेकदा वसईत येतो आणि आपण त्याला हवापालट म्हणतो. परतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठल्या देशात होतो आणि कोणत्या तारखेला परतलो ते सांगा. डेंग्यूची एनएस-1 चाचणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या खेपेच्या लागणीत ती लवकर निगेटिव्ह होऊ शकते. आणि ताप सुरू झाल्यापासून पाच-सहा दिवस दिवसाही मच्छरदाणीत झोपा. या काळात तुम्हाला चावलेला आपल्या इमारतीतला डास तुमच्या रक्तातला नवा प्रकार घेऊन शेजारच्या घरात जाऊ शकतो.