अठराव्या वर्षानंतरची वाढ

विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. निकाल लागले की दोन्हीकडच्या गल्ल्यांत क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात. कुणाला दहावीत इतके टक्के, कुणाला बारावीत तितके. मुलांनी कष्ट केलेले असतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण माणसाच्या मनाची वाढ हा विषय आपल्याकडे जवळजवळ तिथेच संपतो. पोरगं मार्गी लागलं की पुढची पन्नास-साठ वर्षं ते जसं आहे तसंच राहणार, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक चुकीचं आहे, आणि त्याची किंमत घराघरांत मोजली जाते.

मानसशास्त्रानेही पुष्कळ काळ बालपणावरच नजर ठेवली होती. फ्रॉइडने पहिल्या पाच-सहा वर्षांना सर्वाधिक वजन दिलं. मुलाची विचारशक्ती कशी उलगडते याचे टप्पे मांडणारा ज्याँ पियाजे किशोरवयापाशी येऊन थांबला. एरिक एरिक्सनने मात्र 1950 साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात जन्मापासून वार्धक्यापर्यंतचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो. तान्ह्या बाळापुढे, या जगावर विसंबता येईल का? पंधरा-सोळाच्या मुलापुढे, मी कोण? चाळिशी-पन्नाशीत, माझ्या मागून येणाऱ्यांसाठी मी काही उभं करतो आहे की नुसता साचून राहिलो आहे? आणि शेवटी, जे आयुष्य जगून झालं ते आपलं म्हणून स्वीकारता येतं का? हाच एरिक्सन 1962 मध्ये माणसाच्या जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी अहमदाबादला आला आणि त्यातून पुढे गांधींवरच्या पुस्तकाकडे वळला. 1969 मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी गांधींचं बालपण नाही. 1918 चा अहमदाबादचा गिरणी संप आहे. तेव्हा गांधी 48 वर्षांचे होते. माणूस घडतो तो मधल्या वयातही, हे दाखवण्यासाठी त्याला हा प्रसंग महत्त्वाचा वाटला.

असं मधल्या वयातलं घडणं पाहायला ठाणे जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. 1945 साली ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम करून झालं होतं. त्या पुण्याईवर स्वस्थ बसल्या असत्या तरी कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांच्याबरोबर गेलेल्या अनुताई वाघ 35 वर्षांच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. 1957 मध्ये दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघरमध्ये आहे.

तिथे त्यांनी काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. मग शाळाच पाड्यावर गेली, घरापुढच्या अंगणात बसली. मोठी बहीण कडेवर लहान भावंड घेऊन फिरत असे. तिला शिकायचं तर त्या भावंडाची सोय आधी लावावी लागत होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधनं पाड्यावर परवडणारी नव्हती, त्यामुळे बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं झाली. मोजायला चिंचोके, आकार ओळखायला पानं. अंगणवाडी या नावाने पुढे देशभर पोचलेली जी योजना 1975 मध्ये सुरू झाली, तिच्या मागे या अंगणातल्या शाळेचा अनुभव आहे.

म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वाढीसाठी महाराष्ट्रात जे सर्वांत मोलाचं काम झालं, त्यातलं एक मधल्या वयातल्या दोन बायांनी केलं. मागून येणाऱ्यांसाठी काही उभं करण्याचा, एरिक्सनचा सातवा टप्पा याहून स्पष्ट मला कुठे दिसलेला नाही. आणि त्याच्या मांडणीतली उणीवही इथेच दिसते. त्याचं वेळापत्रक पाश्चात्त्य, शिकलेल्या पुरुषाच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला ‘मी कोण’ हा प्रश्न विचारायची सवड कुणी दिली होती? तो प्रश्न तिला पुढे, काम करता करता सोडवावा लागला. टप्पे वयाच्या हिशेबाने येतात हे अर्धसत्य आहे. संधी मिळाली तर येतात, नाही मिळाली तर तुंबून राहतात, आणि पुष्कळ उशिरा मिळाली तरी येऊ शकतात.

उशिरा म्हणजे किती उशिरा? कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने निघालं की मुरबाड तालुका लागतो. तिथल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही थेट नव्वदीच्या. गणवेश गुलाबी नऊवारी. वर्ग दुपारी, कारण सकाळ घरकामाची आणि शेताची. गावात पारायण चालायचं तेव्हा आपल्यालाही पोथी वाचता आली असती तर, अशी हळहळ या आज्यांनी बोलून दाखवली होती. शाळेचं मूळ त्यात आहे. पाठीवर दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. पाटीवर ‘अ’ गिरवताना बोट थरथरतं, रेष दुसरीकडेच जाते, पदराने पुसून पुन्हा गिरवायचं. जन्मभर बँकेच्या कागदावर अंगठा उठवलेल्या हाताने शेवटी नाव लिहायचं. यातल्या बहुतेकींना किशोरवय असं मिळालंच नव्हतं. परकर सुटला की लुगडं आणि मागोमाग चूल.

या वयात मेंदू काय शिकणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ मेंदूच्या बाह्यपटलातच नव्हे, तर थॅलॅमस आणि मेंदूच्या दांड्यापर्यंतच्या, म्हणजे खूप जुन्या आणि खोलवरच्या भागांच्या आपसांतल्या जुळणीत बदल दिसला. नव्वदीच्या आजीला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही हे खरं. पण मेंदू विशीत घट्ट होऊन बसतो, ही समजूत आता टिकत नाही. वयाबरोबर झटपटपणा कमी होतो, नवी माहिती पटकन डोक्यात राहत नाही. शब्दसंपदा आणि अनुभवातून आलेली समज मात्र साठीपर्यंत टिकते, बहुतेकदा वाढते. पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच मुद्द्यावर आयुष्यभर काम केलं: कोणत्याही वयात माणूस काही मिळवत असतो आणि काही गमावत असतो, फक्त प्रमाण बदलतं.

आता विठ्ठलवाडीला परत येऊ. मुलांसाठी अंगणवाडी आहे, शाळा आहे, क्लास आहेत. किशोरांच्या मनासाठीही, जेमतेम का होईना, काही दारं उघडली आहेत, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली तेव्हापासून जिल्ह्यात या गोष्टी उघडपणे बोलल्या जाऊ लागल्या. ज्येष्ठांसाठी कट्टे आणि ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. मधल्या वयाच्या माणसासाठी काय आहे? सकाळची लोकल. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेला अंबरनाथला जाऊन तीच गाडी धरायची, सीएसएमटीला उतरायचं, रात्री नऊ-साडेनऊला परत. मूल झोपेत असताना निघायचं आणि पेंगत असताना यायचं. मुलाचा गृहपाठ बघायचा तो डब्यात उभ्याने, मोबाइलवर आलेल्या फोटोत. हाच माणूस खाली मुलाला आणि वर आईबापांना धरून असतो. त्याची वाढ खुंटली की दोन्ही बाजूंची खुंटते, आणि तरी त्याच्या मनाची विचारपूस करणारी जागा शहराने ठेवलेली नाही. गाडीतली भजनी मंडळी आणि रोजच्या डब्यातले मित्र, एवढाच त्याला आधार. तो आधार हलका नाही. टाळ वाजवत कल्याणपर्यंत आलेला माणूस घरी वेगळ्या चेहऱ्याने जातो.

एरिक्सनचा पेच इथे फार कठोर होतो. पुढच्या पिढीसाठी काही करावं ही ओढ या माणसात असते, हातात वेळ नसतो. म्हणून त्याला ‘साचलेला’ म्हणणं अन्याय आहे. प्रवासाचे तीन तास कमी होणं, घराजवळ काम मिळणं हे वाहतुकीचे आणि नियोजनाचे प्रश्न मानले जातात. माझ्या मते ते मानसशास्त्राचेही आहेत.

ते सुटेपर्यंत एक गोष्ट मात्र आजच हातात आहे. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा आणि त्यापुढच्या वयाचा कुणीही निरक्षर माणूस नाव नोंदवू शकतो. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यासाठी शिक्षक असावं लागत नाही, आणि वाचन-लेखनाबरोबर पैशांचे, मोबाइलचे व्यवहारही शिकवले जातात. तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी असतील, गावाकडून आलेली आजी असेल, तिचं नाव जवळच्या सरकारी शाळेत जाऊन नोंदवा. आणि तुमचं वय चाळीस-पन्नास असेल, रविवारची दुपार मोकळी मिळत असेल, तर शिकवणाऱ्यांच्या यादीत स्वतःचंही नाव घाला.