चोविसावी तार

भालकीच्या शिवारात बोअरची मोटर सुरू झाली नाही की पहिला प्रश्न, मराठीत असो की कन्नडमध्ये, एकच असतो: लाइट आहे का? वायरमन स्टार्टरचं झाकण उघडतो आणि दोन लीडच्या टेस्टरची टोकं दोन फेजवर टेकवतो. तिथे 400 व्होल्टच्या आसपास दाब असायला हवा, पण टेस्टरचा दिवा लागत नाही. म्हणजे लाइट गेली असेल, नाहीतर टेस्टरच्याच लीडमध्ये तार तुटली असेल. दिसायला दोन्ही सारखंच. दुसरी गोष्ट खरी असली, तर ‘बंद आहे’ म्हणून आत घातलेली बोटं जिवंत फेजवर पडतात.

तार वाकवून वाकवून तुटते हे लहान मुलालाही ठाऊक असतं. नवल आहे ते आत काय घडतं याचं. तांब्याच्या स्फटिकांमध्ये अणूंच्या रांगा कुठे कुठे अर्धवट तुटलेल्या असतात. हे दोष सरकू शकतात, म्हणूनच तांबं न तुटता वाकतं. पण दर वाकवणीला ते वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकायला जागा उरत नाही. धातू कडक होतो, मग त्याला बारीक चीर पडते. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात, ते हाच गुंता सोडवायला. प्लॅस्टिकच्या आतल्या तारेला कुठली भट्टी!

यावरचा इलाज म्हणजे तार बारीक करणं. 1 मिलिमीटर जाडीची तार 1 सेंटिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिची बाहेरची कड सुमारे 5 टक्के ताणली जाते, 0.2 मिलिमीटरची तार जेमतेम 1 टक्का. म्हणून पाऊण चौरस मिलिमीटरच्या साध्या लवचीक वायरमध्ये 0.2 मिलिमीटरच्या 24 तारा असतात आणि चांगल्या लीडमध्ये त्याहून कितीतरी बारीक, कितीतरी जास्त.

आणि इथेच गोम आहे. टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्याला एक मिलिअँपियरही प्रवाह लागत नाही. इतक्या कमी प्रवाहाला एकच तार पुरते. 24 पैकी 23 तुटल्या तरी दिवा पहिल्यासारखाच लागतो, जराही मंद होत नाही. चोविसावी तुटल्यावरही तिची टोकं एकमेकांना टेकलेली असली की दिवा लागतो, हात थोडा फिरला की विझतो.

तार बहुधा तुटते ती लीड टोकाच्या मुठीत किंवा टेस्टरमध्ये शिरते तिथे. कंटिन्युइटी असलेल्या, म्हणजे वाट सलग असली की आवाज देणाऱ्या टेस्टरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची आणि लीड मुळाशी हलवायची. आवाज तुटक आला की जागा सापडली. मूठ उघडणारी असेल तर खराब भाग दोन बोटं मागून कापून सोल्डरने नवा जोड देता येतो. मात्र वितळलेलं सोल्डर तारांमधून वर चढतं आणि तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. मग पुढची तूट नेमकी सोल्डर संपतं तिथेच. म्हणून पकड सोल्डरच्या पुढे, शाबूत आवरणावर बसायला हवी.

लीड मधेच चिरली असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवणं मला तरी पटत नाही. तळहात आणि जिवंत फेज यांच्यामध्ये तेवढंच एक आवरण असतं. काही लीडमध्ये आतला थर मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात. तो दिसला की लीड बाद. टेस्टर सीलबंद असेल, तर आख्खा बदलायचा.

दुरुस्ती झाली तरी पहिली चाचणी चालू असलेल्या प्लगवर, मग स्टार्टरवर आणि लगेच पुन्हा त्याच प्लगवर. लीड मधल्या चाचणीतही तुटू शकते.