पनवेलची वस्ती : वंश कोणता, गांव कोणाचें?

येत्या खानेसुमारींत प्रत्येकास जात विचारली जाणार, असें केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं जाहीर केलें, तेव्हांपासून आमच्या पनवेलकर मंडळींत या विषयाची चर्चा पुष्कळ चालते. सर्व जातींचे आंकडे खानेसुमारींत प्रसिद्ध झाले ते १९३१ सालीं शेवटचे. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती व जमाती सोडून इतरांची जात तींत लिहून घेण्यांत आली नाहीं. आतां गणनेची तिथि १ मार्च २०२७ ही ठरली आहे. अशा वेळीं घरांतील मुलेंबाळें वडील माणसांस विचारणारच कीं, आपण कोण, शेजारचे कोण, आणि पनवेलचे मूळचे लोक ते कोणते? या प्रश्नाचें उत्तर विचारपूर्वक द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘जाति’ हा शब्द जन् धातूपासून झाला. त्याचा अर्थ जन्म, आणि जन्मावरून ठरणारा वर्ग. ‘वर्ण’ म्हणजे रंग असाही अर्थ आहे, परंतु शास्त्रकारांनीं तो शब्द समाजाच्या चार विभागांस लाविला. ‘वंश’ म्हणजे कूळ, आणि वेळूलाही संस्कृतांत वंशच म्हणतात. पेऱ्यावर पेरें चढावें तशी पिढीवर पिढी, एवढाच त्यांतील भाव. शरीराच्या ठेवणीवरून मनुष्यांचे कायमचे भेद पाडावयाचे, हा अर्थ या शब्दास पाश्चात्य विद्येच्या संसर्गानें मागाहून चिकटला. या तीन शब्दांची गल्लत झाली कीं पुढील सर्व विचार वांकडा जातो.

आतां गांवाकडे वळूं. पनवेल हें खाडीच्या कांठचें बंदर, आणि घाटाच्या वाटेवरचें ठाणें. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी जलमार्गें पनवेलास उतरे व तेथून घाट चढे. बैलगाड्यांचीं चाकें घडविणें हा येथील नांवाजलेला धंदा होता. नगरपालिका स्थापन झाली १८५२ सालीं. १९०१ सालीं गांवची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. बंदर आणि हमरस्ता जेथें मिळतात तेथें एकाच प्रकारचे लोक राहतील हें संभवतच नाहीं.

खाऱ्या जमिनीस बांध घालून भात पिकविणारे व मिठागरें राबविणारे आगरी, खाडींत जाळें टाकणारे कोळी, डोंगरउतारावरचे ठाकूर, खैराच्या लांकडाचा कात काढीत म्हणून ज्यांस तें नांव मिळालें ते कातकरी, आणि गांवकीचीं कामें पिढ्यान्‌पिढ्या वाहणारे महार, ज्यांपैकीं पुष्कळांनीं १९५६ नंतर बुद्धाचा धर्म स्वीकारला, ही या भूमीची जुनी वस्ती. त्यांच्या जोडीस ब्राह्मण, कायस्थ प्रभु, सोनार, वाणी, गुजराती व मारवाडी व्यापारी. आणि समुद्रपारच्या अरब व्यापाऱ्यांशीं ज्यांचें मूळ जोडलें जातें ते कोंकणी मुसलमान. पनवेलजवळच्या शिरढोणास १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुढें १८७९ सालीं या ब्राह्मणानें बंड उभारलें तें रामोश्यांना हाताशीं धरून, ही गोष्ट या संदर्भांत ध्यानीं ठेवण्याजोगी आहे.

या सर्वांत विशेष कुतूहलाचे लोक म्हणजे बेने इस्राएल. त्यांचें ‘बेथ एल’ हें प्रार्थनामंदिर पनवेलांत १८४९ पासून उभें आहे. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून कोंकणांत त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनांवें गांवावरून ‘कर’ लावलेलीं, बायकांचें नेसणें लुगड्याचें, भाषा मराठी. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांपैकीं बहुतेक तिकडे गेले; तेथेंही विवाहाच्या प्रसंगीं त्यांच्या यहुदीपणाविषयीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका घेतली, आणि तो वाद १९६४ सालापर्यंत चालला. येथें तेली म्हणून ओळखलेले, तेथें हिंदी म्हणून अडविलेले! महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

त्यांची मूळकथा अशी कीं, कोंकणच्या किनाऱ्यावर नौगांवजवळ गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया मिळून चौदा जीव वांचले. चित्पावनांची परंपरागत कथा काय सांगते? समुद्रांतून वाहून आलेल्या चौदा देहांस परशुरामानें सजीव केलें, असें ती सांगते. तोच किनारा, तोच समुद्र आणि तीच चौदा ही संख्या! यावरून दोघांचें मूळ एक, असा तर्क आम्ही काढीत नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, आपण बाहेरून आलों हें सांगण्यांत जुन्या लोकांस कमीपणा वाटत नसे.

कथा सोडून शास्त्राकडे पाहूं. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनीं नाकांचीं व डोक्यांचीं मापें घेऊन हिंदी लोकांचे वंश ठरविले. गंमत अशी कीं, महाराष्ट्रीय ब्राह्मण आणि कुणबी यांस त्यांनीं एकाच ‘शक-द्राविड’ वर्गांत टाकलें. पुढें डॉ. इरावतीबाई कर्वे यांनीं बर्लिन येथें कवट्यांवर संशोधन केलें, आणि मानववंशांच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा जो सिद्धान्त त्यांच्या गुरूस हवा होता त्यास त्या मापांत आधार नाहीं, असा निर्भीड निष्कर्ष काढला. अलीकडे २०१३ सालीं प्रसिद्ध झालेलें आनुवंशिक संशोधन असें सांगतें कीं, सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीं भारतांतील निरनिराळ्या लोकसमूहांचें मोठें मिश्रण झालें, आणि त्यानंतर जातींतच विवाह करण्याचा निर्बंध आवळत गेला. म्हणजे भिंती मागाहून उभ्या राहिल्या. अंगण पूर्वीं एकच होतें. बेने इस्राएलांच्या रक्तांतही पश्चिम आशियाचा व भारताचा असे दोन्ही अंश आढळले, असें २०१६ सालच्या संशोधनांत दिसून आलें.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांस आणखी एक उदाहरण सांगतों. तेथील खानेसुमारींत वंशाचें निराळें सदर असतें. १९२० ते १९४० पर्यंत हिंदुस्थानांतून गेलेल्या सर्वांचा वंश ‘हिंदु’ असा लिहीत, मग तो मनुष्य शीख असो वा मुसलमान. १९७० सालीं त्याच लोकांस गोऱ्यांत धरलें आणि १९८० पासून त्यांच्यासाठीं स्वतंत्र रकाना केला. भगतसिंग थिंद या शीख गृहस्थानें आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून नागरिकत्वास पात्र, असा दावा केला. तो १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें फेटाळला. माणूस तोच, वंश मात्र दर पिढीस निराळा! जें कागदाबरोबर बदलतें तें रक्तांत असेल कसें?

आतां हल्लींच्या पनवेलकडे पाहूं. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. मिठागरें व भातखाचरें गेलीं तीं प्रामुख्यानें आगऱ्यांचीं व कोळ्यांचीं. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत जानेवारी १९८४ मध्यें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्युमुखीं पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. १९९८ सालीं मुंबईची उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं खारघर, कामोठें, कळंबोली, नवें पनवेल धरून महानगरपालिका झाली. २०११ च्या गणनेप्रमाणें या टापूची वस्ती पांच लाखांच्या घरांत होती. मल्याळी, तमिळ, कानडी, पंजाबी, बिहारी, बंगाली, आणि देशावरून आलेले मराठी असे सर्व प्रांतांचे लोक येथें नांदत आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें, तेव्हां हा ओघ आणखी वाढेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

या ठिकाणीं आमच्या वाचकांस दोन गोष्टी स्पष्टपणें सुचवाव्याशा वाटतात. जुने वाडे जाऊन इमारती उठल्या, आणि एकत्र कुटुंबांच्या वांट्यास दोन-चार बिऱ्हाडांपुरती जागा आली. भाडेकरू दारीं येतो तेव्हां त्याचें नांव ऐकतांच ‘कोणांपैकीं?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो. आपलीच मुलें बंगळूरास, लंडनास अशीच दारें ठोठावीत असतात, हें त्या क्षणीं आठवावें. भाडें वेळेवर देईल काय, शेजारधर्म पाळील काय, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मागाहून आलेले आपण सर्व, ब्राह्मण काय, वाणी काय, कालचा नोकरदार काय, या गांवांत सुखानें स्थिरावलों. ज्यांच्या खाचरांवर आपल्या इमारती आहेत, आणि ज्यांच्या जंगलांतून आपले रस्ते गेले, त्यांच्या पदरीं काय पडलें? आगऱ्यांनीं लढून कांहीं मिळविलें. कातकऱ्यांस तेंही नाहीं. सरकारनें ज्यांची गणना अतिदुर्बल आदिवासींत केली आहे, ते हे लोक आजही वीटभट्ट्यांवर राबत फिरतात. खानेसुमारीचा खरा उपयोग असलें देणें मोजण्याकडे आहे. म्हणून गणना करणारा दारीं येईल तेव्हां जातीचा रकाना प्रामाणिकपणें भरावा, लपवूं नये आणि मिरवूंही नये. घरीं मुलांनीं विचारलें तर सांगावें कीं, पनवेलचा म्हणून निराळा वंश नाहीं. कोणी आधीं आला, कोणी मागून, आणि जो मागून आला त्यानें आधीं आलेल्याचें ऋण मानावें.