जुने मॉडेल घेतले म्हणजे फसलो काय?

वस्तू घेण्यापूर्वीची काळजी आणि वस्तू घेतल्यानंतरची काळजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली काळजी आपल्याला चार दुकाने फिरायला लावते व तिचा काही उपयोग होतो. दुसरी मात्र नुसती झोप उडवते. लॅपटॉपच्या बाबतीत ही दुसरी काळजी आज घरोघरी दिसते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाते, घरची मंडळी पै-पै साठवून लॅपटॉप आणतात, आणि आठ दिवसांच्या आत कोणीतरी शेजारी नाहीतर वर्गमित्र सांगतो, "अहो, हे तर मागचे मॉडेल! दुकानदाराने तुमच्या गळ्यात मारले." झाले! त्या दिवसापासून वस्तूचा आनंद संपतो आणि आई-वडिलांच्या मनाला रुखरुख लागते.

बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही हे नेहमी पाहतो. लॅपटॉपसाठी आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडणारे पालक येतात, सोने तारण ठेवणारेही येतात. अशा पैशाने आणलेल्या वस्तूविषयी मनात संशय राहणे ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु सर्वसामान्य ग्राहकाला या विषयातले जेवढे समजून घेता येते व स्वतः तपासता येते, तेवढे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

'जुना' या शब्दाचे तीन अर्थ

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. लॅपटॉप 'जुना' असणे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे नवा कोरा, खोक्यात बंद, परंतु मॉडेल एक-दोन वर्षांपूर्वीचे. दुसरा, कंपनीने किंवा व्यापाऱ्याने तपासून, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेला. याला बाजारात रिफर्बिश्ड म्हणतात. तिसरा, एखाद्याने वापरून जसाच्या तसा विकलेला सेकंडहँड. पहिल्या प्रकारात झीज नसते, फक्त सालाचा फरक असतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात झीजही पाहावी लागते. लोक या तिन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजतात आणि नव्या कोऱ्या वस्तूलाही भंगार ठरवतात.

ही भीती आली कोठून?

जुने मॉडेल म्हणजे बुडीत खाते, ही समजूत एके काळी खरी होती. १९९३ साली इंटेल कंपनीचा पहिला पेंटियम प्रोसेसर आला तेव्हा त्याचा वेग ६० व ६६ मेगाहर्ट्झ होता. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी १००० मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. म्हणजे सात वर्षांत सुमारे पंधरापट! अशा काळात दोन वर्षे मागचे यंत्र घेणारा खरोखरच मागे पडत असे.

पुढे वेगाबरोबर उष्णताही इतकी वाढू लागली की २००४-०५ च्या सुमारास ही शर्यत मंदावली. नुसता वेग वाढवण्याऐवजी एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ असे स्वतंत्र काम करणारे भाग बसवण्याचा मार्ग कंपन्यांनी धरला. त्यांना कोअर म्हणतात. तेव्हापासून दरसालच्या नव्या मॉडेलमध्ये फरक असतो, पण प्रत्येक वेळी तो मोठा असतोच असे नाही.

दोन उदाहरणे घेऊ. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय-५ १२३५यू हा प्रोसेसर २०२२ साली आला. त्यात १० कोअर असून कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. २०२३ साली तेराव्या पिढीतील आय-५ १३३५यू आला. त्यातही १० कोअर, कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ. प्रकल्प-अहवाल टाइप करणाऱ्या किंवा व्याख्यानाचा व्हिडिओ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक हाताला जाणवणार नाही. या उलट सातव्या पिढीतील आय-५ ७२००यू मध्ये दोनच कोअर होते आणि २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीतील आय-५ ८२५०यू मध्ये चार. येथे एका पिढीत कोअर दुप्पट झाले. तात्पर्य, पिढ्या मोजून निर्णय होत नाही. त्या पिढीत बदलले काय, हे पाहावे लागते.

ही पिढी ओळखणे सोपे आहे. आय-३, आय-५, आय-७ या अक्षरांपुढील आकडा पाहावा. तो १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी. ८२५०सारखा असेल तर पहिला एकच अंक. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने 'कोअर अल्ट्रा' या नावाची वेगळी पद्धत सुरू केली, तिला हा नियम लागू नाही.

उघडल्याची तारीख नको, मुदत संपण्याची तारीख पाहा

आता मुख्य मुद्दा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मॉडेलचे साल ही नुसती खाते उघडल्याची तारीख आहे. ग्राहकाने पाहायची असते ती मुदत संपण्याची तारीख. लॅपटॉपची ही मुदत प्रामुख्याने त्यातील कार्यप्रणाली ठरवते. विंडोजसारख्या कार्यप्रणालीत सुरक्षेच्या उणिवा सापडत राहतात व कंपनी त्या वेळोवेळी बुजवते. हे बुजवणे थांबले की यंत्र बंद पडत नाही, चालूच राहते. पण दाराची कडी मोडलेल्या घरासारखी त्याची अवस्था होते.

हे किती गंभीर आहे, याचा दाखला मे २०१७ मध्ये जगाला मिळाला. 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. विशेष म्हणजे त्या उणिवेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते प्रामुख्याने सापडले. आमच्या क्षेत्रातीलच उदाहरण द्यायचे तर, विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली असतानाही तिच्यावर चालणारी एटीएम यंत्रे पुष्कळ होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सर्व एटीएमवरील कार्यप्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्यास बँकांना बजावले.

हाच न्याय आपल्या लॅपटॉपला लावावा. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने देऊ केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर, काही थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या किंवा पुढच्या पिढीचा असावा लागतो. आपले यंत्र यात बसते की नाही हे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम काही मिनिटांत सांगतो.

म्हणजे सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये एक ठळक रेघ आहे. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले दोन लॅपटॉप दिसायला सारखे असतील, पण या रेघेच्या कोणत्या बाजूला आपला आहे यावर त्याचे उरलेले आयुष्य ठरते.

बदलता येणारे आणि न येणारे भाग

पुष्कळदा 'जुने मॉडेल म्हणून मंद चालते' अशी तक्रार असते आणि दोष भलत्याच भागाचा असतो. जुन्या धाटणीची हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि माहिती शोधण्यासाठी तिचे वाचनाचे टोक दरवेळी जागेवर जावे लागते. एसएसडी या साठवणीत फिरणारा भागच नसतो. सबब, तबकडी काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप सुरू होण्यास लागणारा वेळ एकदम कमी होतो. बऱ्याच मॉडेलमध्ये हे काम दुरुस्तीवाला तासाभरात करतो.

मेमरीचेही तसेच. रोजच्या अभ्यासाला ८ जीबी मेमरी पुरते, १६ जीबी असल्यास उत्तम. मेमरी वाढवण्याची मोकळी खाच आहे की ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे, हे मात्र आधी पाहावे. कायमची जोडलेली ४ जीबी मेमरी हा असा दोष आहे की ज्याला पुढे उपाय नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढले, तेव्हा वाढवण्याचा खर्च विचारूनच हिशेब मांडावा.

बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे व ती बदलता येते. तिची प्रकृती पाहण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', नंतर एक जागा, तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असे रोमन लिपीत टाइप करावे. एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ५०,००० आणि आज ४०,००० असेल तर ८० टक्के बॅटरी शिल्लक आहे. 'नवा कोरा' म्हणून घेतलेल्या यंत्रात हा फरक मोठा दिसला, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकल्यावर हमीची मुदत बऱ्याच आधी सुरू झालेली दिसली, तर मात्र दुकानदाराला पावतीसह जाब विचारावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भावाचा हिशेब

आयकर नियमांत २०१७-१८ पासून संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची तरतूद झाली. या दराने ५०,००० रुपयांच्या लॅपटॉपची पुस्तकी किंमत पहिल्या वर्षानंतर ३०,०००, दुसऱ्यानंतर १८,००० आणि तिसऱ्यानंतर १०,८०० रुपये उरते. कागदावर जवळजवळ चार-पंचमांश मूल्य गेले. पण त्या यंत्राची काम करण्याची शक्ती काही चार-पंचमांशाने घटलेली नसते. बाजारभाव या दराने तंतोतंत चालत नाही, तरी दिशा तीच असते. पहिल्या वर्षांतील मोठी घसरण आधीच झालेली असते, म्हणूनच मागचे मॉडेल योग्य भावात घेणारा फायद्यात राहतो.

'योग्य भाव' ओळखण्याची एक साधी रीत आम्ही सुचवतो. किमतीला उरलेल्या सुरक्षित वर्षांनी भागावे. समजा, २४,००० रुपयांचा लॅपटॉप दोनच वर्षे सुरक्षित चालणार असेल, तर दरसाल १२,००० रुपये पडले. ४०,००० रुपयांचा पाच वर्षे चालणार असेल, तर दरसाल ८,०००. दिसायला स्वस्त तो महाग ठरला. आणि हाच हिशेब उलटाही लागतो: ३०,००० रुपयांचे मागचे मॉडेल पाच वर्षे चालत असेल तर दरसाल ६,००० पडतात, आणि ते घेणाऱ्याने नव्या मॉडेलवाल्यापुढे मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

मग चूक केव्हा म्हणावी?

तीन गोष्टींत खरेदी चुकली असे म्हणता येईल. यंत्र विंडोज ११ ला अपात्र असून भाव मात्र पात्र यंत्राचा दिला असेल. मेमरी वा साठवण अपुरी असून वाढवण्याची सोय नसेल. किंवा अभ्यासक्रमाला लागणारे काम, उदाहरणार्थ त्रिमितीय आराखडे अथवा चित्रफितींचे संपादन, त्या यंत्राला झेपत नसेल. परत करण्याची मुदत उरली असेल तर वेळ न दवडता बदलून घ्यावे.

मुदत गेली असली तरी यंत्र वाया गेले असे नाही. विंडोजला अपात्र ठरलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीला पाच वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा जाहीर झाल्या आहेत. तिच्यात युनिकोड मराठी टाइप करता येते, आणि लिबरऑफिसमध्ये पत्रे, तक्ते, सादरीकरणे सर्व होतात. मात्र कॉलेजच्या एखाद्या विषयाला केवळ विंडोजवर चालणारा प्रोग्राम लागत असेल, तर ते आधी शिक्षकांना विचारून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात कोणी मॉडेलवरून हिणवले तर घरी येऊन आई-वडिलांवर रागावण्यापूर्वी एवढे करा: प्रोसेसरचा आकडा, विंडोजची पात्रता, मेमरी, साठवण आणि बॅटरीचा अहवाल या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. या कामाला एक संध्याकाळ पुरते. पाचही ठीक असतील तर तो कागद वडिलांच्या हाती द्या. त्यांना त्याची तुमच्याहून अधिक गरज आहे. एखादी गोष्ट अडली तर ती दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही, हे आता तुम्हाला सांगता येईल. आणि ज्यांना ही तपासणी एकट्याने जमणार नाही त्यांच्यासाठी संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांनी एखादा रविवार काढावा, अशी आमची सूचना आहे. सभासदांनी आपापले लॅपटॉप आणि खरेदीची पावती घेऊन यावे.