दुर्बिणीची तपासणी आणि मेंदूतला बुडबुडा

मुरुडच्या रुग्णाला पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीतून काढायचा, म्हणजे ईआरसीपी करायची, तर बहुधा मुंबईच गाठावी लागते. काम सुरळीत होतं; पण कधी गुंगी उतरायची वेळ टळून जाते आणि रुग्ण जागा होत नाही, हात उचलत नाही किंवा त्याला झटका येतो. असं अगदी क्वचित घडतं. मात्र ‘औषधाचा अंमल असेल’ म्हणून वाट पाहिली, तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

आतडी फुगवण्यासाठी दुर्बिणीतून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. अस्तराला जखम असेल तर तो वायू शिरेत शिरू शकतो. एरवी फुप्फुसं त्याला अडवतात. पण चारांपैकी सुमारे एका प्रौढाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनची फट उघडी असते. तिथून बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो, म्हणून साध्या हवेपेक्षा तोच बरा.

शंका येताच तपासणी थांबवायची, वायू बंद करायचा, रुग्णाला सपाट निजवून शंभर टक्के ऑक्सिजन लावायचा. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी निर्धास्त राहता येत नाही. बुडबुडे तोवर विरलेले असू शकतात.

पुढचा उपचार पाणबुड्यांच्या आजारावरचाच. कुलाब्यात नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयालगतची नौदल वैद्यक संस्था याच शास्त्राचं शिक्षण देते. बंद कक्षात दाब २.८ पट, म्हणजे समुद्रात १८ मीटर खोलीवर असतो तितका, वाढवतात. रॉबर्ट बॉइलने १६६२मध्ये मांडलेल्या नियमानुसार बुडबुडा जवळपास एकतृतीयांश होतो. वीस मिनिटं ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, अशा फेऱ्या. मग दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात. नेहमीचं सत्र पावणेपाच तासांचं. श्वासनळीतल्या नळीचा फुगाही हवेऐवजी सलाइनने भरतात, नाहीतर दाबाखाली तोच आक्रसेल.

पहिल्या सहा तासांत हा उपचार मिळाला तर गुण येण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तरी प्रयत्न सोडत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावरून रुग्ण हलवायचा झाल्यास मुंबईचा सखल रस्ता बरा. खंडाळ्याच्या घाटात सुमारे ६०० मीटर चढताना हवेचा दाब साधारण सात टक्के घटतो, बुडबुडा तेवढाच फुगतो. म्हणून हेलिकॉप्टरही खालूनच न्यावं लागतं.

दुर्बीण घालणाऱ्या प्रत्येक केंद्राने दाबकक्षाचा नंबर आधीच भिंतीवर लावायला हवा. त्या कक्षात २.८ पट दाब मिळतो का आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण घेतात का, हेही विचारून ठेवायला हवं. मऊ कापडी कक्षात जेमतेम १.३ पट दाब मिळतो, तो इथे कामाचा नाही.